मोहरीएवढा सांधा

पूर्वी साताऱ्याच्या पेठांतून आणि सांगलीच्या गल्ल्यांतून कल्हईवाल्याची आरोळी ऐकू येत असे. ती कानी पडताच घरोघरच्या गृहिणी काळवंडलेली तांब्यापितळेची भांडी बाहेर काढीत. एखाद्या झाडाच्या सावलीत कल्हईवाला जमिनीत लहानसा खड्डा खणून भट्टी मांडी, भात्याने निखारे फुलवी आणि सांडशीत धरलेले पातेले त्यांवर फिरवी. पातेले पुरेसे तापले की त्यात नवसागराची पूड टाकी. भस्सदिशी पांढरा धूर उठे. मग कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला टेकवून तो कापसाच्या बोळ्याने चपळाईने हात फिरवी. आणि पाहता पाहता काळे पातेले चांदीसारखे लखलखू लागे. भोवती जमलेली मुले श्वास रोखून हा चमत्कार पाहत उभी राहत.

आता ती आरोळी क्वचितच ऐकू येते. परंतु कथील, तांबे, उष्णता आणि धातूचा पृष्ठभाग स्वच्छ करणारे द्रव्य या चौघांची जुनी मैत्री संपलेली नाही. ती आता संगणकाच्या पेटीत जाऊन बसली आहे. कल्हईवाल्याच्या हातची किमया आज दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या हाती आली आहे, एवढाच काय तो फरक.

कृष्णाकाठच्या एखाद्या गावातील दूध संकलन केंद्राचे उदाहरण घेऊ. पहाटे धारा काढून शेतकरी आपापल्या किटल्या घेऊन केंद्रावर येतात. दूध मोजले जाते, त्यातील फॅट तपासली जाते आणि दोन्ही आकडे संगणकात नोंदले जाऊन पावती निघते. या नोंदींवरूनच पुढे प्रत्येकाचे बिल ठरते. ज्याच्या गोठ्यात एकच म्हैस आहे, त्याचा किराणा आणि मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च याच बिलातून भागावयाचा असतो. अशा केंद्रावरील संगणक एके दिवशी मध्येच बंद पडू लागला, तर काय होईल? केंद्रचालक मागची वायर जरा हलवतो. यंत्र सुरू होते. कोणाचा धक्का लागतो. यंत्र पुन्हा बंद. अर्धवट राहिलेल्या नोंदी पुसल्या जातात, रांगेतील माणसे खोळंबतात, आणि ‘माझे दूध नीट लिहिले गेले ना?’ अशी शंका प्रत्येकाच्या मनात डोकावू लागते. विश्वास डळमळू लागतो. आणि या साऱ्याला कारण काय असते? पुष्कळदा मोहरीच्या दाण्याएवढा एक सांधा!

संगणकाची पेटी उघडली, तर आत बहुधा हिरव्या रंगाची एक पातळ पाटी दिसते. तिला सर्किट बोर्ड असे म्हणतात. ही पाटी काचेच्या धाग्यांचे कापड आणि कृत्रिम राळ यांपासून बनविलेली असते. तिच्यातून वीज वाहत नाही. मात्र तिच्यावर तांब्याच्या अगदी पातळ रेषा काढलेल्या असतात. नकाशात जसे गावागावांना जोडणारे रस्ते दिसतात, तशा या रेषा पाटीवरील एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडतात. वीज या रस्त्यांनीच ये-जा करते. जिथे एखाद्या भागाची धातूची पिन पाटीतील छिद्रातून खाली येते, तिथे छिद्राभोवती तांब्याची लहानशी चकती असते. ही चकती आणि ती पिन यांना वितळलेल्या धातूने जोडावयाचे असते. या जोडालाच सांधा म्हणावयाचे. सोनाराच्या बोलीत अशा जोडकामाला डाख देणे म्हणतात, पुस्तकांत झाळणे म्हणतात, तर दुरुस्तीच्या दुकानात सोल्डर करणे म्हणतात. नावे निराळी असली, तरी तत्त्व एकच आहे.

जोडण्यासाठी जी धातू वापरतात, तीही समजून घेण्याजोगी आहे. शुद्ध कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे सुमारे ३२७ अंशांना. मग या दोहोंचे मिश्रण मधल्याच कुठल्या तरी तापमानाला वितळेल, असे कोणालाही वाटेल. परंतु निसर्गाचे गणित येथे वेगळे आहे. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे घेतले, तर ते मिश्रण अवघ्या १८३ अंशांनाच वितळते, म्हणजे दोन्ही धातूंपेक्षा कमी उष्णतेने! शिवाय ते घट्ट होताना मऊ, लिबलिबीत अवस्थेत फारसे रेंगाळत नाही. द्रवाचे एकदम घन होते. त्यामुळे सांधा चटकन बसतो आणि आजूबाजूच्या नाजूक भागांना फार उष्णता सोसावी लागत नाही. अनेक वर्षे जगभर हेच मिश्रण वापरले गेले.

पण शिसे विषारी आहे. शरीरात गेल्यास ते विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत-उपकरणांतील शिशाच्या वापरावर कडक बंधन घातले. त्यानंतर कथील, थोडी चांदी आणि किंचित तांबे यांचे बिनशिशाचे मिश्रण सर्वत्र रूढ झाले. ते वितळण्यास सुमारे २१७ ते २२० अंश उष्णता लागते. अधिक उष्णता, म्हणून कारागिराला अधिक सावधगिरी. परंतु आरोग्य पाहता हा सौदा महाग नाही. कल्हईच्या भांड्याबाबतही हेच लक्षात ठेवावयाचे. ज्या भांड्यात अन्न शिजावयाचे, त्याला शुद्ध कथलाचीच कल्हई हवी. शिसे मिसळलेले सोल्डर तेथे कधीही वापरता कामा नये.

सोल्डर म्हणजे एक प्रकारचा डिंक आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. डिंक दोन वस्तूंच्या मध्ये बसून त्यांना धरून ठेवतो. सोल्डर तसे नसते. वितळलेले कथील तप्त तांब्यावर पसरते, तेव्हा दोहोंच्या सीमेवर कथील आणि तांबे एकमेकांत मिसळून एक नवाच पदार्थ तयार होतो. हा थर केसाच्या जाडीपेक्षाही कित्येक पटींनी पातळ असतो. पण सांध्याचे सारे बळ त्याच्यावर अवलंबून असते. दुधात साखर विरघळते, त्या वेळी ती केवळ दुधाला चिकटत नाही, दुधाची होऊन जाते. येथेही काहीसे तसेच घडते.

मात्र ही सोयरीक जुळण्यासाठी एक अट आहे. दोन्ही धातूंचे पृष्ठभाग स्वच्छ हवेत. तांबे हवेत उघडे राहिले की हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन त्यावर काळपट पुट चढते. या पुटावर वितळलेले सोल्डर ठरतच नाही. अळवाच्या पानावरून पाण्याचा थेंब जसा घरंगळतो, तसे तेही घरंगळून जाते. म्हणून कल्हईवाला नवसागर टाकतो. तापलेला नवसागर ते पुट खाऊन टाकतो आणि खालचे निर्मळ तांबे उघडे करतो. संगणकाच्या पाटीवर मात्र नवसागर चालत नाही. त्याचा मागे राहिलेला अंश हवेतील ओलावा शोषून तांब्याच्या बारीक रेषा हळूहळू कुरतडून टाकतो. पातेले धुऊन टाकता येते. पाटीच्या कोनाकोपऱ्यांतून नवसागर धुऊन काढणे कठीण. म्हणून येथे चीड वृक्षांपासून मिळणारी राळ वापरतात. ती गरम असताना पुट दूर करते आणि थंड झाल्यावर निरुपद्रवी होऊन बसते. बाजारात मिळणारी सोल्डरची तार आतून पोकळ असते व तिच्या पोटात ही राळ आधीच भरलेली असते. एकाच तारेत कथीलही आले आणि नवसागराचे कामही झाले!

एवढा भक्कम सांधा तुटतो तरी कशाने? त्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. पहिले कारण धक्का. दूध केंद्रावरील संगणकाला वीज पुरविणारी वायर रोज काढली-घातली जाते, कधी तिच्यावर पाय पडतो. प्रत्येक हिसका अखेर त्या लहानशा सांध्यावरच येऊन आदळतो. दुसरे कारण उष्णता. यंत्र सुरू झाले की तापते, बंद केले की निवते. तापलेली धातू प्रसरण पावते आणि निवताना आकुंचन पावते. एक मीटर लांबीची तांब्याची सळई ५० अंशांनी तापली, तर ती एक मिलिमीटरपेक्षा थोडी कमी वाढते. सांधा तर फार लहान. तेथील वाढ डोळ्यांना दिसण्याजोगी नसते. पण पाटी, पिन आणि सोल्डर ही तिन्ही वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात. त्यांची ही ओढाताण रोज, वर्षानुवर्षे चालते. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पण पुन्हा पुन्हा वाकवली की एके क्षणी मोडते. सांध्याचेही तसेच होते.

तिसरे कारण पाणी; आणि ते या दोन जिल्ह्यांना चांगलेच परिचित आहे. सातारा आणि सांगली ही एकाच नदीने बांधलेली भावंडे आहेत. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, तरी कृष्णा एकच राहिली. महाबळेश्वरी उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड अशी ती सांगलीला येते. सातारच्या डोंगरांत कोसळलेला पाऊस त्यामुळेच सांगलीच्या घाटावर जाणवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्याही वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. घरादारांत, दुकानांत आणि शाळांत पुराचे पाणी शिरले. अशा वेळी भिजलेले यंत्र वरवर वाळले, म्हणून लगेच सुरू करणे ही मोठी चूक असते. गढूळ पाण्यातील क्षार आणि गाळ पाटीवर तसाच राहतो. त्यातून वीज भलत्याच वाटेने धावू लागते आणि सांधे झिजून हिरवट-पांढरे पडतात. भिजलेली पाटी प्रथम स्वच्छ धुऊन, पुरती वाळवून, मगच तपासावी लागते. घाईने बटण दाबणारा हात, पुराने वाचवलेले यंत्रही बुडवतो.

आता त्या दूध केंद्राच्या संगणकाकडे वळू. तो सांगलीतील एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात आला आहे. जाणता कारागीर प्रथम हत्यार उचलत नाही. तो प्रश्न विचारतो. यंत्र केव्हा बंद पडते? वायर हलवल्यावर, की तापल्यावर? ‘वायर हलवली की’, हे उत्तर मिळताच त्याची नजर वायर जिथे खोचतात त्या जागेकडे वळते. वीजपुरवठा पूर्ण तोडून, यंत्रात बॅटरी असल्यास ती काढून, तो पाटी बाहेर घेतो. आपल्या अंगावरील स्थिर वीज पाटीतील नाजूक भागांना मारक ठरू नये, म्हणून मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतो. मग दिव्याखाली पाटी तिरकी धरून तो भिंगातून पाहतो. आणि तिथे, पिनेभोवती, त्याला एक बारीक काळसर कडे दिसते. हीच ती भेग! पिन सोल्डरमध्ये उभी दिसते खरी. पण ती सुटलेली आहे. खुंटा जमिनीत उभा असतो, पण भोवतालची माती सैल झालेली असते, तशी तिची अवस्था असते. हललेली पिन कधी सोल्डरला टेकते, कधी दूर होते. म्हणूनच यंत्राची ही लपाछपी चाललेली असते.

डोळ्यांच्या साक्षीवर तो थांबत नाही. मल्टिमीटर नावाच्या उपकरणाची एक कांडी तो पिनेला आणि दुसरी तांब्याच्या रेषेला लावतो. मार्ग अखंड असेल, तर उपकरणातून ‘टूं’ असा आवाज सतत येतो. येथे पिन किंचित हलवताच आवाज तुटतो. रोगाचे निदान झाले.

आता उपचार. सोल्डरिंग आयर्न, म्हणजे विजेवर तापणारी टोकदार सळई, तो सुमारे ३५० अंशांपर्यंत तापवतो. ओल्या स्पंजावर तिचे टोक पुसतो आणि त्याला थोडे नवे सोल्डर लावून चकचकीत करतो. कारण काळ्या पडलेल्या टोकातून उष्णता नीट उतरत नाही. सांध्याची जागा तो मद्यार्काने आणि मऊ ब्रशाने स्वच्छ करतो. जुने, शिणलेले सोल्डर वितळवून लहानशा पिचकारीने किंवा तांब्याच्या विणलेल्या फितीने शोषून घेतो. जुन्या भेगेवर नुसते नवे सोल्डर थापणे म्हणजे भिंतीच्या भेगेवर चुन्याचा हात फिरवण्यासारखे होय; भेग झाकली जाते, पण बुजत नाही.

यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत खरे कौशल्य असते. तापलेले टोक तो पिन आणि चकती या दोहोंना एकाच वेळी टेकवतो. क्षणभर थांबतो. मग सोल्डरची तार सळईला नव्हे, तर तापलेल्या सांध्यालाच लावतो. सांधा पुरेसा तापला असेल, तरच तार वितळते. म्हणजे वितळणारी तार हीच उष्णतेची परीक्षा ठरते. द्रव धातू आपोआप पिनेभोवती वर्तुळाकार धावते आणि छिद्रात उतरते. पुरेसे सोल्डर जाताच तो आधी तार दूर करतो आणि मग सळई. त्यानंतर दोन-चार सेकंद काहीच करावयाचे नसते, आणि शिकाऊ माणसाला हेच सर्वांत कठीण जाते! सांधा निवेपर्यंत पिन तसूभरही हलता कामा नये. हलली, तर आत पुन्हा भेग राहते. फुंकर मारून घाई करणेही योग्य नव्हे.

चांगला सांधा पाहताक्षणीच ओळखू येतो. पिनेच्या मुळापासून चकतीच्या कडेपर्यंत तो डोंगराच्या पायथ्यासारखा हळुवार उतरत जातो. वाईट सांधा गोळ्यासारखा फुगलेला दिसतो. तो चकतीवर नुसता बसलेला असतो, तिला भिनलेला नसतो. शिशाचा सांधा चमकदार असतो. बिनशिशाचा मात्र चांगला असूनही थोडा निस्तेज दिसतो. म्हणून केवळ चकाकीवर विसंबता येत नाही, आकारही पाहावा लागतो. उष्णता कमी पडली, तर सांधा कच्चा राहतो. अधिक झाली, तर तांब्याची चकतीच पाटीवरून उखडून येते. सोल्डर कमी पडले, तर बळ नाही; जास्त झाले, तर ते ओघळून शेजारच्या सांध्याला मिळते आणि वीज नको त्या वाटेने जाते. सारे काम मध्यमावर तोललेले असते. शेवटी पुन्हा मल्टिमीटर लावून, पिन हलवून, आवाज अखंड येतो याची खात्री करून घेतल्यावरच कारागीर पाटी पेटीत बसवतो.

हे काम वाचून कोणालाही करून पाहावेसे वाटेल. ती इच्छा चांगलीच आहे. परंतु सळईचे टोक क्षणात कातडी जाळते, राळेचा धूर डोळ्यांना व श्वासाला त्रास देतो, आणि वीजपुरवठ्याच्या काही पेट्यांत वायर काढल्यानंतरही काही काळ घातक विद्युतभार साठून राहतो. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षक जवळ असताना, टाकाऊ पाटीवरच पहिला हात बसवावा. खिडकी उघडी असावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. न धुतलेल्या हाताने खाणे म्हणजे शिसे आपणहून पोटात घेणे होय.

हाताने काम करण्यात कमीपणा नाही, हा धडा या भूमीने फार पूर्वी गिरवला आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कुंडल रोड स्थानकाजवळच्या उजाड माळावर, तेव्हाच्या औंध संस्थानात, आपला कारखाना उभारला. तेथे शेतकऱ्यांसाठी लोखंडी नांगर तयार होऊ लागले. आज ते स्थळ सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्ध आहे. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले या गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि कष्ट करून शिकण्याची वाट खेड्यापाड्यांतील मुलांना मोकळी करून दिली. नांगराचा फाळ असो की संगणकाची पाटी असो, वस्तूची रचना समजून घेऊन ती हाताने नीट करणे, हा त्याच परंपरेचा भाग आहे.

या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट पणाला लागलेली असते. मोहरीएवढा सांधा तुटला म्हणून सबंध यंत्र फेकून दिले, तर ते जाते कोठे? उकिरड्यावर पडलेल्या पाटीतील शिसे आणि इतर विषारी द्रव्ये पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत मुरतात. तांबे काढण्यासाठी कोणी ती उघड्यावर जाळली, तर विषारी धूर पसरतो. यासाठी भारत सरकारने ई-कचऱ्याचे नियम केले आहेत. २०२२ मध्ये जाहीर झालेले नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जे यंत्र खरोखरच दुरुस्त होण्यापलीकडे गेले असेल, ते उकिरड्यावर न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच दिले पाहिजे. परंतु त्याआधी एक प्रश्न विचारावा : यात बिघडले आहे ते नेमके केवढे?

दूध केंद्रावर दुसऱ्या दिवशी पहाटे संगणक सुरू होतो. किटल्यांची रांग पुढे सरकते. पावत्या निघू लागतात. वायरीला एखाद्याचा धक्का लागतो, पण पडद्यावरील आकडे जागचे हलत नाहीत. पावती खिशात घालून घराकडे वळणाऱ्या शेतकऱ्याला त्या सांध्याची वार्ताही नसते. आणि खऱ्या दुरुस्तीची खूण तीच होय. कल्हई केलेल्या पातेल्यात आमटी उकळताना कल्हईची आठवण कोणाला होते? चांगला सांधा दिसत नाही. तो नुसता धरून ठेवतो.